पॅड बदलूनही पुन्हा वाजणारे ब्रेक : मूळ दोष कसा शोधावा

पुढच्या चाकातून ब्रेक दाबताना चिरका आवाज येऊ लागतो, गॅरेजमध्ये चाक काढून पॅडवर पॉलिश पेपर मारला जातो, गाडी आठवडा-पंधरवडा शांत राहते आणि मग तोच आवाज त्याच चाकातून पुन्हा सुरू होतो. पुढच्या खेपेला पॅडच बदलले जातात, तरीही काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. पावसाळ्यात, आणि विशेषतः कोकणात किंवा घाटरस्त्यांवर वापरल्या जाणाऱ्या गाड्यांबाबत, ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की अनेक मालक तिला गाडीचा स्वभाव मानून सोडून देतात. तसे मानण्याचे कारण नाही. आवाज पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये निर्माण होत असला, तरी तो वारंवार परत येण्याचे कारण बहुतेक वेळा पॅडमध्ये नसून पॅडला धरून ठेवणाऱ्या भागांत असते, आणि ते भाग उघडून पाहिल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.

पुढे डिस्क व मागे ड्रम, केबलने मागच्या ड्रमवर चालणारा हँडब्रेक आणि एकाच बाजूला पिस्टन असलेला सरकता कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा पकडीसारखा भाग), अशी रचना असलेली गाडी येथे गृहीत धरली आहे. आपल्याकडील बहुतेक हॅचबॅक या वर्णनात बसतात. मागेही डिस्क असलेल्या गाड्यांना पुढच्या चाकांविषयीचे बरेचसे विवेचन मागेही लागू पडते.

ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर एकसारखा घसरत नाही. तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि ही क्रिया सेकंदाला हजारो वेळा घडली की डिस्क, पॅड आणि कॅलिपर मिळून कंप पावतात. हा कंप साधारण १,००० हर्ट्‌झच्या वर गेला की कानाला चिरका आवाज येतो. त्याहून बराच खाली असला की घुमल्यासारखा, कण्हल्यासारखा आवाज येतो किंवा पेडलला नुसती थरथर जाणवते. ही चिकट-सूट प्रत्येक गाडीच्या प्रत्येक चाकात होतच असते. पॅड नीट धरलेला असेल तर ती ऐकू येण्याइतकी वाढत नाही, एवढेच. फळ्यावर खडू किंचाळू लागला की शिक्षक तो मोडून आखूड करतात आणि टोकाजवळ धरतात. फळा तोच, खडूही तोच, बदलते ती पकड. ब्रेकचा आवाज शोधतानाही लक्ष या पकडीवरच ठेवावे लागते.

चाक काढण्याआधी

अर्धे निदान रस्त्यावरच होते, पण नेमका तोच भाग घाईत वगळला जातो. गॅरेजमध्ये ‘ब्रेक वाजतोय’ एवढेच सांगितले तर मेकॅनिकही पॅड घासून देण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. त्यामुळे आधी आवाज पेडलशी कसा वागतो हे पाहावे. पाय न लावता आवाज नाही आणि दाबताच येतो, तर तो पॅड-डिस्क किंवा लायनर (ड्रमला आतून घासणारा थर) आणि ड्रम यांच्या घर्षणाचा आहे. पाय न लावता सतत येणारा आवाज हलके दाबताच थांबत असेल, तर पॅड ब्रॅकेटमध्ये, म्हणजे तो ज्या चौकटीत बसतो तीत, सैल असून खडखडत आहे, किंवा पॅडची झीज दाखवणारी पत्ती डिस्कला टेकू लागली आहे. दाबले काय आणि सोडले काय, आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर ब्रेकवरचा संशय बराचसा दूर होतो आणि बेअरिंग, टायर किंवा डिस्कमागचे पत्र्याचे आवरण यांच्याकडे वळावे लागते.

चाकाचे बेअरिंग गेले असेल तर वेगाबरोबर वाढणारी घरघर येते आणि वळणावर ती बदलते. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून डाव्या वळणावर घरघर वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग आधी तपासावे. पत्र्याच्या आवरणात खडा अडकला तर कर्णकर्कश खरखर होते, ऐकणाऱ्याला वाटते की आता चाकच निखळणार. प्रत्यक्षात गाडी थोडी मागे-पुढे केली की अनेकदा खडा निघून जातो. खडीच्या किंवा उखडलेल्या रस्त्यावरून आल्यानंतर अचानक असा आवाज सुरू झाला असेल तर ही शक्यता सर्वांत आधी धरावी. चाक काढताना किंवा जॅक लावताना तो पत्रा वाकून डिस्कला घासू लागल्याचेही पुष्कळदा आढळते आणि तो हाताने सरळ करता येतो.

आवाज पुढचा की मागचा हे कानाने ठरवणे फसवे असते, कारण तो गाडीच्या सांगाड्यातून प्रवास करतो. मोकळ्या मैदानात, १५-२० किलोमीटरच्या वेगात, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, म्हणून त्या वेळी तोच आवाज आला तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे. डावे की उजवे हे ठरवण्यासाठी काचा खाली करून एखाद्या कंपाउंडच्या भिंतीजवळून, आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने, ब्रेक दाबत गाडी न्यावी. भिंतीवरून परतणारा आवाज ज्या बाजूला स्पष्ट ऐकू येतो ती बाजू संशयित धरावी. आवाज सकाळी येतो की गाडी तापल्यावर, पुढे जाताना की मागे घेताना, हलक्या दाबाला की जोराच्या, याचीही नोंद ठेवावी. मागे घेताना येतो आणि पुढे जाताना येत नाही, अशी नोंद पॅडच्या क्लिपकडे बोट दाखवते आणि मेकॅनिकचा बराच वेळ वाचवते.

दुर्लक्ष करण्याजोगे आवाज

डिस्क बिडाची असते आणि तिच्या घर्षणाच्या पृष्ठभागावर रंग किंवा लेप टिकत नाही. त्यामुळे पावसाळ्यात एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज चढतो, आणि रत्नागिरी, मालवण किंवा मुरुडसारख्या खाऱ्या हवेच्या गावांत तर इतर ऋतूंतही चढतो. सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकना येणारी खरखर ही तो गंज निघण्याची असते आणि तिच्यासाठी गॅरेज गाठण्याची गरज नाही. गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर मात्र पॅडखालच्या जागेवर वेगळा, खोल डाग पडतो आणि ब्रेक दाबल्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ठरावीक ठेका ऐकू येतो. तो काही दिवसांच्या वापराने गेला नाही तर डिस्क लेथवर फेसिंग करून, म्हणजे तिचा पृष्ठभाग कातून सपाट करून, घ्यावी लागते. इलेक्ट्रिक गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करत असल्याने ब्रेक कमी वापरले जातात आणि गंजाचा आवाज उलट जास्त येतो; अशा गाडीचे ब्रेक मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून मुद्दाम जरा जोरात दाबावेत.

ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला उभी असताना पेडल किंचित सैल सोडले की गाडी सरकू लागते आणि चाकांतून कण्हल्यासारखा आवाज येतो. पेडल पूर्ण सोडल्यावर किंवा पूर्ण दाबल्यावर तो थांबत असेल तर त्याची काळजी करू नये. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलखाली होणारी धडधड ही एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) काम करत असल्याची खूण आहे. त्या वेळी घाबरून पाय उचलणे धोक्याचे. गाडी सुरू करून निघाल्यावर काही मीटरांतच एकदाच येणारी ‘घर्र’ किंवा ‘टक्’ हीदेखील अनेक गाड्यांत एबीएसची स्वतःची तपासणी असते.

चिरका आवाज आणि त्याच्या मागची झीज

चिरका आवाज नव्यानेच सुरू झाला असेल तर पॅडची जाडी आधी पाहावी. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो २-३ मिलिमीटर उरला की पॅडला जोडलेली पोलादी पत्ती डिस्कला टेकून शीळ घातल्यासारखा आवाज करते, आणि ही व्यवस्था मालकाला वेळीच सावध करण्यासाठीच केलेली असते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर थर संपतो, पॅडची पोलादी पाठ डिस्कवर घासू लागते आणि चिरक्या आवाजाची जागा जाड करकर घेते. या अवस्थेत गाडी चालवू नये. थांबण्याचे अंतर वाढते, डिस्कवर खोल चरे पडतात आणि जे काम पॅडच्या एका जोडीत भागले असते त्यात डिस्कचाही खर्च येऊन पडतो.

रिमच्या फटीतून बॅटरीचा प्रकाश टाकून पॅड पाहता येतो, पण तेथून फक्त बाहेरचा पॅड दिसतो. बाहेरचा जाड दिसतो म्हणून निर्धास्त राहिलेल्या मालकाचा आतला पॅड पूर्ण संपलेला निघतो, आणि हे अपघाताने घडत नाही. ते का घडते यातच वारंवार येणाऱ्या आवाजाचे उत्तर बरेचसे दडलेले आहे.

सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या पॅडला ढकलतो. तो पॅड डिस्कला टेकला की त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला डिस्कवर दाबतो. पेडल सोडल्यावर पिस्टनभोवतीची रबरी सील त्याला केसभर मागे खेचते आणि कॅलिपर पिनांवर मोकळा होतो. या साऱ्या हालचाली मिलिमीटरच्या अंशाइतक्या असतात. त्यामुळे पिनेवर थोडा गंज किंवा वाळलेले ग्रीस असले तरी त्या अडतात. कॅलिपर सरकला नाही तर आतला पॅड एकटाच राबतो व लवकर झिजतो, शिवाय पेडल सोडल्यानंतरही पॅड डिस्कला चिकटून राहतात, तापतात आणि त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. असा चकाकलेला पॅड हमखास वाजतो. पॉलिश पेपरने ती चकाकी निघते, म्हणून आवाज थांबतो. पिन मात्र अडकलेलीच राहते, म्हणून पंधरा दिवसांनी चकाकी परत येते आणि तिच्याबरोबर आवाजही. नव्या पॅडचेही तेच होते, फक्त थोड्या उशिरा.

म्हणून काढलेले जुने पॅड गॅरेजमधून मागून घ्यावेत. चारही पॅड कोणते चाक, आत की बाहेर, अशी खूण करून शेजारी शेजारी ठेवले तर ते बरेच काही सांगतात. एकाच चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे पातळ असेल तर पिना अडकल्या आहेत. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, म्हणजे तिरका झिजला असेल, तर दोनपैकी एक पिन अडकली आहे किंवा पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये घट्ट बसले आहेत. एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच पातळ आणि दुसऱ्या चाकाचे दोन्ही जाड असतील तर दोन शक्यता उरतात. पातळ पॅडचे चाक ब्रेक सोडत नसेल, किंवा जाड पॅडच्या चाकाचा पिस्टनच जाम असल्याने पहिल्या चाकाला दोघांचे काम करावे लागत असेल. दुसऱ्या प्रकारात ब्रेक दाबल्यावर गाडी पातळ पॅडच्या बाजूला ओढते.

कॅलिपर उघडल्यावर काय पाहावे

हे काम स्वतः करणार असाल तर गाडी सपाट जागेवर उभी करावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर न राहता स्टँड लावावा. ब्रेकची पूड हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये, कारण ती फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने ती काढावी. कॅलिपर मोकळा केल्यावर तो ब्रेक ऑइल आणणाऱ्या रबरी होजवर (नळीवर) लोंबकळत न ठेवता तारेने सस्पेन्शनला बांधून ठेवावा.

दोन्ही पिना बोटांनी सहज सरकल्या पाहिजेत. एखादी सरकत नसेल, तिच्यावर गंजाचे डाग असतील किंवा तिचे रबरी बूट फाटलेले असेल, तर दोष सापडला असे समजायला हरकत नाही. पिन आणि तिचे भोक दोन्ही स्वच्छ करून ब्रेकसाठी असलेले सिलिकॉनचे, उष्णता सोसणारे ग्रीस बेताने लावावे. बेअरिंगसाठी वापरले जाणारे साधे ग्रीस येथे चालत नाही, कारण खनिज तेलाने ब्रेकमधले रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पावसाळ्यापूर्वी ‘ग्रीसिंग करून घेतले’ असे सांगणाऱ्या मालकाच्या गाडीत नेमका हाच प्रकार पुष्कळदा आढळतो. काही कॅलिपरच्या वरच्या आणि खालच्या पिना सारख्या नसतात, एका पिनेच्या टोकाला रबरी बाही असते. त्यांची अदलाबदल झाली तरी कॅलिपर बसतो, पण आवाज राहतो.

त्यानंतर ब्रॅकेट पाहावे. पॅडचे दोन कान ज्या खाचांत बसतात तेथे पातळ पोलादी क्लिपा असतात. पावसाच्या पाण्याने त्या क्लिपांखाली ब्रॅकेटला गंज चढतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि वर उचलली गेलेली क्लिप पॅडचा कान आवळून धरते. नवे पॅड खाचेत हाताने न बसता हातोडीने ठोकून बसवावे लागत असतील तर क्लिपा काढून खालचा गंज वायरब्रशने किंवा कानसने साफ केला पाहिजे. येथे पॅडचे कान घासून लहान करण्याची जी पद्धत आहे ती मला अजिबात मान्य नाही, कारण त्याने पॅड आज बसतो आणि उद्या खडखडतो. उलट दोषही तितकाच सर्रास दिसतो, म्हणजे क्लिपा हरवलेल्या असतात किंवा ‘त्यांची गरज नसते’ म्हणून टाकून दिलेल्या असतात. क्लिपांशिवाय पॅड खाचेत हलतो आणि ब्रेक दाबताना ‘टक्’ असा आवाज करत एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला आदळतो. पॅडच्या पाठीवर चिकटवलेली किंवा अडकवलेली पातळ शिम ही तर कंप शोषून घेण्यासाठीच दिलेली असते. ती जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात गेली आणि नव्या पॅडला नसली, तर चांगल्या प्रतीचा पॅडही वाजू शकतो. पॅडच्या पाठीवर, जेथे पिस्टन आणि कॅलिपरचे पंजे टेकतात तेथे, ब्रेकच्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. घर्षणाच्या बाजूला ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये. गंज सोडवणारा स्प्रे चाकाच्या बाहेरून मारून आवाज बंद करण्याचा उद्योग तर कधीच करू नये, कारण आवाज जातो तसा ब्रेकही जातो.

पिना मोकळ्या, क्लिपा जागेवर, आणि तरीही चाक हाताने फिरवताना जड लागत असेल, तर दोष पिस्टनचा आहे की होजचा हे ठरवावे लागते. पेडल दाबून सोडावे, चाक जड झाले की ब्लीडिंगचे निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढण्याचा कॅलिपरवरचा स्क्रू) क्षणभर सैल करावे. थोडे ब्रेक ऑइल उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला होता, म्हणजे बहुधा रबरी होज आतून फुगून वाट अडवत आहे. जुन्या होजमध्ये हा दोष बाहेरून मुळीच दिसत नाही. निपल सोडूनही चाक जडच राहिले तर पिस्टन गंजून अडकला आहे; त्याचे रबरी आवरण फाटून पाणी आत गेले की असे होते. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून ते गाडीच्या पत्र्यावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, आणि या चाचणीनंतर ब्लीडिंग करून हवा काढावी.

घाट उतरल्यावर सुरू होणारा आवाज

सपाटीवर शांत असलेली गाडी कुंभार्ली, आंबा किंवा वरंधा घाट उतरून आली की वाजू लागते, अशी तक्रार असेल तर सगळा दोष गाडीला देता येत नाही. सतत पेडलवर पाय ठेवून उतरल्याने पॅडमधले राळेसारखे बांधणीचे द्रव्य तापून पृष्ठभागावर येते आणि थंड झाल्यावर पॅड चकाकतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तसाच लागू आहे. इंजिनने गाडी धरून ठेवावी आणि ब्रेक वळणापूर्वी थोडा वेळ पण ठामपणे दाबून पूर्ण सोडावा. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे तर सरळ धोक्याचे आहे, कारण इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात) दोन-चार वेळा पेडल दाबण्यापुरतेच बळ शिल्लक राहते.

या उष्णतेचा संबंध ब्रेक ऑइलशीही येतो. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा पुरेसा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ ची मर्यादा याहून कमी असते. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल मऊ होऊन खाली जाते. आवाज आणि मऊ पेडल ही दोन्ही लक्षणे एकत्र आली तर गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि नंतर ऑइल बदलून घ्यावे. आपल्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलणे इष्ट आहे.

घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबताना तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवू नये, आणि लगेच चाकांवर पाणी तर मारूच नये. तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर एका जागी चिकटतो आणि नंतर ब्रेक दाबताना स्टिअरिंगला ठरावीक थरथर जाणवते. या थरथरीला ‘डिस्क वाकली’ असे म्हणण्याची पद्धत आहे, परंतु बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसून तिची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. नवी डिस्क बसवतानाच हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावरचा) गंज साफ केला नसेल तर ती किंचित तिरकी बसते, आणि मग काही हजार किलोमीटरमध्ये तिची जाडी असमान होते. चाकाचे नट पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने वाटेल तसे आवळल्यानेही हाच परिणाम होतो. ते समोरासमोरच्या क्रमाने आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळावेत. फेसिंग करण्यापूर्वी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचावी. छोट्या गाड्यांत नव्या डिस्कची जाडी आणि ही किमान मर्यादा यांत साधारण दोन मिलिमीटरचाच फरक असतो, म्हणून दुसऱ्यांदा फेसिंगला फारसा वाव उरत नाही.

मागचे ड्रम

मागच्या ड्रमविषयी पावसाळ्यात सर्वाधिक येणारी तक्रार म्हणजे सकाळी गाडी हलवताच होणारा ‘ठप्प’ असा मोठा आवाज. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर उभी केली की लायनर गंजाने ड्रमला चिकटतात आणि निघताना सुटतात. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा, हँडब्रेक टाळावा. उतारावर हा सल्ला लागू नाही. तेथे हँडब्रेक हवाच. लायनर वारंवार चिकटत असतील तर एखादे दिवशी त्याचा थर शूपासून (ज्या कमानदार पट्टीवर तो चिकटवलेला असतो तिच्यापासून) सुटून ड्रममध्ये फिरू लागतो, आणि तेव्हा मागून येणारी खडखड मुळीच अंगावर काढू नये.

ड्रम बंद असल्यामुळे पूड आतच साचते आणि हलक्या दाबाला कुरकुर होते. साफसफाईने ती जाते. शू ज्या सहा ठिकाणी मागच्या पत्र्यावर टेकतात ती ठिकाणे कोरडी पडली तर पेडल दाबताना आणि सोडताना करकर येते. तेथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा ठिपका पुरतो. शूंना ढकलणारे सिलिंडर गळून लायनर तेलकट झाला असेल तर मात्र तो धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याचा आग्रह धरू नये; सिलिंडर दुरुस्त करून दोन्ही बाजूंचे लायनर बदलावेत. ड्रम लेथवर फेसिंग केल्यानंतर लगेच ‘टक्-टक्’ सुरू झाली, तर लेथच्या हत्याराने उमटलेल्या मळसूत्री रेषेवरून शू बाजूला सरकतो आणि परत आपटतो, असे समजावे. पृष्ठभाग पॉलिश पेपरने आडवा घासून ती रेषा मोडली की आवाज थांबतो. पॉलिश पेपरचा एवढा रास्त उपयोग ब्रेकच्या कामात दुसरा क्वचितच असेल.

पेडल दाबताना चाकाऐवजी पायाजवळून सतत ‘फुस्स’ आवाज येत असेल आणि पेडल कडक लागत असेल तर बूस्टर पाहावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, कडक झाल्यावर पाय तसाच दाबून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूम नळी सदोष आहे. आणि ब्रेक दाबताना पुढून एकदाच ‘ठक्’ येत असेल, क्लिपा व कॅलिपरचे बोल्ट ठीक असतील, तर लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट तपासून घ्यावेत, कारण तो आवाज ब्रेकच्या निमित्ताने सस्पेन्शनने केलेला असतो.

काम झाल्यावर

पिस्टन मागे ढकलून पॅड बसवल्यानंतर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबावे. हे विसरले तर पहिल्या ब्रेकला पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. नव्या पॅडना डिस्कवर बसायला वेळ द्यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवावा, पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्यावा, आणि असे आठ-दहा वेळा, मध्ये थंड होऊ देत करावे. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये अधूनमधून येणारा हलका आवाज या बसण्याचा असतो. त्यानंतरही त्याच चाकातून तोच आवाज येत राहिला, तर पॅडची आणखी एक जोडी विकत घेण्याऐवजी डिस्क हबवर बसवलेल्या अवस्थेत डायल गेज लावून तिची डगमग मोजून घ्यावी, आणि ती पुस्तिकेतील मर्यादेत असेल तर झिजलेल्या खाचांचे ब्रॅकेट बदलावे.